सुगंधयंत्राच्या काचेच्या नळ्या घरी साफ करताना

पाणी न वापरता केवळ हवेच्या झोताने सुगंधी तेलाचे तुषार करणारे काचेचे डिफ्यूझर आता नागपुरातल्या बऱ्याच घरांत दिसू लागले आहेत. त्यांच्यासोबत मिळणाऱ्या माहितीपत्रकात साफसफाईविषयी बहुधा एखादी ओळ असते : अल्कोहोल घालावे, हलवावे, ओतून टाकावे. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. काचेवर बसणारा थर प्रत्येक वेळी एकाच जातीचा नसतो, आणि थर कशाचा आहे हे न पाहता हाताला लागेल ते द्रावण ओतले, तर घासघास करूनही नळी तशीच पिवळी राहते. मी आधी थराची जात ओळखतो आणि मगच बाटली उघडतो. या लेखात त्या पद्धतीची सविस्तर नोंद करीत आहे.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. तोंडाला लावून ओढायच्या विजेवरच्या वाफयंत्रांविषयी मी येथे लिहीत नाही. ई-सिगारेट आणि त्या धर्तीच्या उपकरणांचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर 2019 च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. माझ्यासमोर आहे ते टेबलावर ठेवायचे, खोलीत दरवळ पसरवणारे यंत्र.

या यंत्राची रचना समजली की घाण नेमकी कोठे साचते हे आपोआप कळते. खाली लाकडी किंवा प्लास्टिकच्या बैठकीत हवेचा छोटा पंप असतो आणि वर काचेचे पोटाळे पात्र असते. पात्राच्या आत दोन बारीक नळ्या एकमेकींच्या तोंडाशी आणून ठेवलेल्या असतात. एकीतून पंपाची हवा वेगाने सुटते, त्यामुळे तिच्या तोंडाशी दाब कमी होतो आणि दुसरीतून तेल वर खेचले जाते. तेलाचे थेंब झोतात फुटून पात्राच्या भिंतीवर आदळतात. जड थेंब खाली ओघळतात आणि हलके तुषार वरच्या वळणदार तोटीतून बाहेर पडतात. म्हणजे तेल तीन ठिकाणी चिकटू शकते : आदळण्याच्या भिंतीवर, वरच्या तोटीच्या वळणात आणि त्या दोन बारीक नळ्यांच्या टोकांवर. भिंत आणि तोटी यांची घाण डोळ्यांना दिसते. टोकांवरची दिसत नाही, मात्र यंत्र बंद पडते ते तिच्यामुळेच.

नागपुरात संत्र्याच्या सालीचे तेल वापरणारे पुष्कळ आहेत, आणि ज्या शहराच्या संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले त्या शहरात ते स्वाभाविकही आहे. या तेलाचा मुख्य घटक लिमोनीन. ताजे असताना लिमोनीन स्वतःच उत्तम द्रावक असते. डिंकाचे आणि ग्रीसचे डाग काढणाऱ्या कित्येक द्रावणांत ते मुद्दाम घातलेले असते. हेच तेल हवा, उजेड आणि उष्णता लागून जुने होऊ लागले की त्याचे ऑक्सिडीकरण होते, रेणू एकमेकांत गुंततात आणि काचेवर मधाच्या रंगाचा चिकट पापुद्रा धरतो. डाग काढणारा पदार्थच स्वतः डाग होऊन बसतो, हा प्रकार मला तरी गमतीदार वाटतो. एप्रिल-मे महिन्यांत घरातले तापमान रात्रीही उतरत नाही, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास आठवडाभर पातळ राहणारे तेल तेव्हा लवकर घट्ट होते. अशा जुनाट लिमोनीनमुळे काहींच्या त्वचेला ॲलर्जीही होते, म्हणून पिवळी नळी धुताना हातमोजे घालणे केव्हाही चांगले.

वाळ्याची गोष्ट वेगळी. कूलरच्या टाकीत वाळ्याचे अत्तर टाकण्याची सवय असलेल्या माणसाला तेच डिफ्यूझरमध्ये घालावेसे वाटणे साहजिक आहे. परंतु वाळ्याचे शुद्ध तेल मुळातच दाट असते आणि त्यातले जड घटक सहज उडत नाहीत. झोत त्याला पुरता फोडू शकत नाही. ते टोकाशी साचते आणि नळीचे छिद्र लहान लहान होत जाते. चंदनाचेही तेच. ही तेले वापरायचीच असतील तर निलगिरी किंवा लिंबूगवत यांसारख्या पातळ तेलात थोडीशी मिसळावीत. खोबरेल, तीळ, बदाम यांसारखी स्थिर तेले मात्र या यंत्रात मुळीच घालू नयेत. ती उडत नाहीत, नुसती पसरतात, आणि नागपुरात डिसेंबरमध्ये पहाटे खोबरेल तर बाटलीतच गोठलेले असते.

याशिवाय एक पांढरा, खडबडीत, बोटाला कोरडा लागणारा थर दिसतो. तो तेलाचा नसतो, पाण्याचा असतो. शहराला पेंच आणि कन्हानचे पाणी मिळत असले तरी अनेक वसाहतींत आणि सदनिकांच्या संकुलांत वापरायला बोअरचे पाणी असते आणि ते जड असते. धुतलेली नळी तशीच वाळत ठेवली की पाणी उडते आणि त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार काचेवर मागे राहतात. या थरावर कितीही अल्कोहोल ओतले तरी काहीही होत नाही. उलट पिवळ्या चिकट थरावर लिंबूसत्त्वाचा काहीही परिणाम होत नाही. निम्म्याहून अधिक श्रम वाया जातात ते येथेच. म्हणून नळी उजेडाकडे धरून पाहावी. पिवळा, तांबूस, चकचकीत, बोटाला ओढ देणारा थर असेल तर तो तेलाचा, आणि पांढरा, निस्तेज, नखाने खरवडल्यास भुकटी देणारा असेल तर तो क्षारांचा. दोन्ही असतील तर आधी तेल काढावे आणि मग क्षार, कारण तेलाच्या पापुद्र्याखाली दडलेल्या क्षारापर्यंत आम्ल पोहोचतच नाही.

तेलाच्या थरासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल हे सर्वांत सोयीचे द्रावक आहे. सीताबर्डीत मोबाइल दुरुस्तीचे सामान ठेवणाऱ्या दुकानांत ते आयपीए या नावाने मिळते, आणि प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्यांकडेही असते. बाटलीवरचा टक्का मात्र पाहून घ्यावा. निर्जंतुकीकरणासाठी 70 टक्क्यांचे अल्कोहोल अधिक परिणामकारक मानले जाते, कारण त्यातले पाणी जंतूंच्या प्रथिनांवर अल्कोहोलचे काम होऊ देते. आपल्याला जंतू मारायचे नसून राळ विरघळवायची आहे, आणि त्यासाठी 99 टक्क्यांचेच घ्यावे. औषधांच्या दुकानात विचारले तर काउंटरवरून बहुतेक वेळा "साधं स्पिरिट चालते ना भाऊ?" असा उलट प्रश्न येतो. चालते, पण त्यात पाणी किती आणि आणखी काय मिसळले आहे हे लेबल वाचून पाहावे. रंगकामाच्या दुकानातले निळे-जांभळे स्पिरिट घेऊ नये. त्यात विषारी मिथेनॉल असू शकते, आणि ज्या नळीतून येणारी हवा पुढे आपण श्वासात घेणार आहोत तिच्यात ते नको. करोनाच्या काळात आणून ठेवलेले जेलचे सॅनिटायझरही येथे उपयोगाचे नाही, कारण त्यातले ग्लिसरीन आणि घट्ट करणारा पदार्थ अल्कोहोल उडून गेल्यावर काचेवर तसाच राहतो.

आगीचा मुद्दा मी शेवटासाठी राखून ठेवीत नाही, कारण नागपुरात तो सर्वांत महत्त्वाचा आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ज्वलनबिंदू 12 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. म्हणजे तेवढ्या तापमानालाही त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते. आपल्याकडे हिवाळ्यातल्या काही पहाटा सोडल्या तर घरातले तापमान बाराही महिने त्याहून वर असते आणि मे महिन्यात बाहेर तर ते 45 अंशांपर्यंतही जाते, तेव्हा उघड्या वाटीतले अल्कोहोल पाहता पाहता उडते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने वर न जाता ओट्यावरून आणि जमिनीलगत पसरते. त्यामुळे हे काम स्वयंपाकघरात करू नये, देवघरात निरांजन तेवत असेल तर त्या खोलीत करू नये, आणि अल्कोहोलची वाटी लवकर तापावी म्हणून गॅसवर ठेवणे तर निव्वळ आत्मघात आहे. मी सकाळी ऊन चढण्यापूर्वी गच्चीच्या सावलीत बसतो, किंवा दोन्ही खिडक्या उघडून गॅलरीत. याच कारणाने यंत्रात अल्कोहोल घालून पंप काही मिनिटे चालू ठेवण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो तो मला पटत नाही. त्याने नळी साफ होते हे खरे, पण ज्वलनशील तुषार आणि विजेची मोटर एकाच डब्यात आणून ठेवण्याचे धाडस कशाला? काचेचे पात्र बैठकीवरून काढले की तेच काम निर्धोकपणे होते.

प्रत्यक्ष कृती अशी. पात्र काढून उरलेले तेल ओतून टाकावे आणि वरची तोटी वेगळी करावी. तोटी किंवा साधी सरळ नळी एका रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत, पूर्ण बुडेल एवढ्या अल्कोहोलात ठेवावी आणि झाकण घट्ट लावावे. पापुद्रा ताजा असेल तर अर्धा तास पुरतो, महिनाभराचा असेल तर रात्रभर. बरणी उचलून उजेडात धरली की नळीच्या भिंतीवरून पिवळसर रेषा नागमोडी वळणे घेत खाली उतरताना दिसतात. त्या दिसेनाशा होईपर्यंत घाई करू नये. त्यानंतरही वळणात काही अडकले असेल तर नळीत चमचाभर जाडे मीठ आणि थोडे नवे अल्कोहोल घालून, दोन्ही तोंडे बुचांनी किंवा हातमोज्यातल्या बोटांनी बंद करून जोराने हलवावे. मीठ अल्कोहोलात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे त्याचे खडे शेवटपर्यंत खडेच राहतात आणि घासण्याचे काम करतात. मिठाची कठीणता मोह्सच्या मापाने अडीचपर्यंत आणि काचेची साडेपाचच्या पुढे, म्हणून काचेवर ओरखडा उठत नाही. वाळू मात्र वापरू नये, तिच्यातले क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असते. आमच्या घरी कंदिलाच्या काचा राखेने पुसत असत आणि त्या लख्ख निघत. राखेतला क्षार काजळीबरोबरचे तेल काढतो हे खरे, पण राखेत रेतीचे कणही असतात, आणि जुन्या काचांवर बारीक रेघांचे जे जाळे दिसे त्याचे कारण मला तेच वाटते.

मिठाची ही युक्ती पोकळ, सरळ किंवा वळणदार नळीपुरतीच आहे. ज्या पात्रात दोन बारीक टोके समोरासमोर बसवलेली आहेत त्यात मीठ घालू नये, कारण एखादा खडा टोकात जाऊन बसला तर दुखण्यापेक्षा उपाय भारी पडायचा. पात्राच्या पोटासाठी मूठभर कच्चे तांदूळ चांगले. ते मऊ असतात, मोठे असतात आणि बारीक छिद्रात शिरत नाहीत. फक्त ते अल्कोहोलसोबत हलवावेत, पाण्यासोबत नव्हे, नाहीतर स्टार्चचा नवाच थर बसतो.

आता ती बारीक टोके. तेथे सुई, टाचणी, पिन, तार यांतले काहीही घालू नये. काच दिसते तेवढी दुबळी नसते, पण इतक्या बारीक तोंडाशी तिची कड अतिशय ठिसूळ असते आणि धातूच्या टोकाचा किंचित धक्का लागला तरी टवका उडतो. छिद्राचा आकार बदलला की झोत बिघडतो, आणि मग कितीही स्वच्छ केले तरी यंत्र पूर्वीसारखे तुषार देत नाही. दातांच्या फटी साफ करायचे जे छोटे ब्रश मिळतात तेही टोकाशी नेऊ नयेत, त्यांच्या केसांच्या मधोमध तार असते. रुंद नळीसाठी ते उत्कृष्ट आहेत. टोकांसाठी ड्रॉपरने काही थेंब अल्कोहोल वरून सोडावे, पात्र तिरपे ठेवून वीस-पंचवीस मिनिटे थांबावे आणि मग खालच्या बाजूने, जेथे पंपाची हवा येते तेथे, रबरी फुग्याच्या पिचकारीने हवा दाबावी. कॅमेऱ्याच्या भिंगावरची धूळ उडवायला जो रबरी फुगा मिळतो तो या कामी नेमका बसतो. तोंडाने फुंकू नये, अल्कोहोलचे शिंतोडे उलटे डोळ्यांत येतात. पहिल्या दाबाला काहीच न होता दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला टोकातून तपकिरी थेंब सुटला आणि मागोमाग सरळ, अखंड धार आली, तर मार्ग मोकळा झाला असे समजावे. धार तिरकी किंवा फुटकी येत असेल तर आत अजून काही आहे. पुन्हा भिजवावे.

क्षारांच्या पांढऱ्या थरासाठी इतवारीच्या किराणा बाजारात सुटे मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, पुरेसे आहे. पाव लिटर कोमट पाण्यात एक चमचा विरघळवून नळी तासभर बुडवून ठेवावी. थर जाड असेल तर त्यावरून बारीक बुडबुडे उठतात, तो कार्बन डायऑक्साइड. ताजे लिंबू पिळणे मात्र येथे शहाणपणाचे नाही, त्यातला गर आणि साखर नळीतच राहतात. पांढरे व्हिनेगर चालते, पण त्याचा वास काढण्यात पुन्हा वेळ जातो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून जो फेस उसळवतात तो पाहायला छान असतो, परंतु आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून टाकतात आणि उरते ते जवळजवळ मिठाचे पाणी. ज्याचे काम त्यालाच करू द्यावे. संडास-बाथरूमचे ॲसिड आणि ब्लीचिंगचे द्रावण या नळ्यांजवळ आणूच नये. ती दोन्ही एकत्र आली तर क्लोरीन वायू निघतो, आणि ब्लीच अल्कोहोलमध्ये मिसळले तरी घातक संयुगे तयार होतात.

काही नळ्यांवर अल्कोहोल आणि लिंबूसत्त्व या दोघांनाही दाद न देणारा धुरकटपणा असतो. तो थर नसतोच. गरम आणि तीव्र अल्कधर्मी द्रावणात, उदाहरणार्थ धुण्याच्या सोड्याच्या उकळत्या पाण्यात, काच वारंवार ठेवली गेली तर तिचा पृष्ठभागच झिजतो. ओली असताना ती पारदर्शक दिसते आणि वाळली की पुन्हा धुरकट. अशा नळीवर वेळ घालवू नये. ती काम देतच राहते, फक्त देखणी दिसत नाही.

गरम पाण्याविषयी आपल्याकडे एक आंधळा विश्वास आहे, आणि काचेवर बोरोसिल लिहिलेले असले की तो दुप्पट होतो. बोरोसिलिकेट काचेत सुमारे 80 टक्के सिलिका आणि 12-13 टक्के बोरॉन ऑक्साइड असते, आणि तापल्यावर ती साध्या सोडा-चुन्याच्या काचेच्या साधारण एक तृतीयांश इतकीच प्रसरण पावते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत येना येथे ओटो शॉट याने ती घडवली ती दिव्यांच्या आणि तापमापकांच्या गरजेतून. पण एक तृतीयांश म्हणजे शून्य नव्हे. नळी जेथे पात्राला जोडलेली असते त्या सांध्यात काचेची जाडी बदलते, आणि फ्रिजमधल्या थंड पाण्यातून उकळत्या पाण्यात नेले तर तडा जातो तो तेथूनच. शिवाय स्वस्त यंत्रांत काच खरोखर बोरोसिलिकेट आहे की नाही हे घरी सांगता येत नाही. उकळायचेच असेल तर पातेल्याच्या तळाशी जुना सुती रुमाल घालावा, नळी साध्या पाण्यात ठेवून मग गॅस लावावा आणि पाणी निवेपर्यंत तिला हात लावू नये. अल्कोहोलात भिजवलेली नळी उकळण्याआधी साध्या पाण्याने नीट धुतलेली आणि पूर्ण वाळलेली असलीच पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.

तोटी आणि पात्र यांचा सांधा खरखरीत घासलेल्या काचेचा असेल तर तेथे तेल सुकून दोन्ही भाग एकजीव होतात. पिळून ओढू नये. सांध्याच्या कडेने थोडे अल्कोहोल सोडून थांबावे, ते केशाकर्षणाने आत झिरपते. तरीही सुटले नाही तर, अल्कोहोल उडून गेल्यानंतर, बाहेरच्या भागाभोवती गरम पाण्यात भिजवलेला फडका गुंडाळावा. बाहेरची काच आधी फुगते आणि पकड ढिली पडते. लाकडी चमच्याच्या दांड्याने हलकेच टिचकी मारली की बहुधा सुटतेच. रबरी किंवा सिलिकॉनच्या कड्या या सगळ्यापासून बाजूला ठेवून फक्त साबणाच्या पाण्याने धुवाव्यात, आणि लाकडी बैठकीला अल्कोहोलचा थेंबही लागू देऊ नये, पॉलिश लगेच उतरते. घरात वाफारा घेण्याचे प्लास्टिकचे यंत्र असेल तर त्याच्या मुखवट्यालाही हे अल्कोहोल लावू नये. काही पारदर्शक प्लास्टिकांना त्याने बारीक भेगा पडतात.

नळी खरोखर स्वच्छ झाली का, याची प्रयोगशाळेतली परीक्षा घरीही करता येते आणि तिला खर्च शून्य आहे. नळीवरून साधे पाणी सोडावे आणि ते उतरताना पाहावे. काच निखळ स्वच्छ असेल तर पाणी तिच्यावर पातळ, अखंड पडद्यासारखे पसरते आणि तसेच उतरते. कोठे तेलाचा अंश राहिला असेल तर नेमक्या त्याच जागी पडदा फाटतो, पाणी आक्रसते आणि थेंब गोळा होतात. थेंब जेथे दिसतील तेवढाच भाग पुन्हा अल्कोहोलने पुसावा, सगळी नळी नव्हे. डोळ्यांना पूर्ण स्वच्छ दिसणारी तोटी या परीक्षेत वळणाच्या आतल्या बाजूला हमखास नापास होते.

शेवटचे धुणे आरओच्या किंवा बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याचे असावे. नाहीतर बोअरच्या पाण्याचे डाग पुन्हा उमटतात आणि लिंबूसत्त्वाची फेरी नव्याने करावी लागते. वाळवण्यासाठी नागपूरला यंत्राची गरज नाही. उन्हाळ्यात कोरड्या हवेत नळी सावलीतही थोड्या वेळात कोरडी होते, पण तोंडावर मलमलीचा तुकडा बांधावा, कारण दुपारच्या झळांबरोबर येणारी धूळ ओल्या काचेला लगेच चिकटते. पावसाळ्यात मात्र रात्रभर पालथी ठेवावी आणि नाकाशी धरून अल्कोहोलचा वास पूर्ण गेला आहे याची खात्री झाल्यावरच पंपावर चढवावी.

वापरलेले अल्कोहोल लगेच फेकू नये. दोन बरण्या ठेवाव्यात, एक मळकट पहिल्या भिजवणीसाठी आणि एक स्वच्छ शेवटच्या खंगाळणीसाठी. मळकट बरणीतले द्रावण चहाच्या रंगाचे झाले तरी ते पहिला पापुद्रा काढतेच. अगदीच दाट झाले की गच्चीवर, मुलांच्या आणि मांजरांच्या वाटेपासून दूर, पसरट उघड्या भांड्यात थोडे थोडे ठेवून उडू द्यावे, तळाशी उरलेला चिकट गोळा कागदाने पुसून कचऱ्यात टाकावा. नाल्यात ओतू नये आणि कुंडीतल्या झाडांनाही घालू नये. बरणीवर ठळक अक्षरांत काय आहे ते लिहून ठेवावे, कारण पिवळसर द्रावणाची बरणी कपाटात दिसली की घरात कोणाला ना कोणाला ते सरबत वाटतेच.